हायड्रोसायकिडी कुळाची अळी ओळखताना: आधी पाठ, मग पोट, मग शेपटी

ओढ्यातला दगड उलटला, खाली वाळूचे कण चिकटवून केलेलं घर दिसलं, आत तपकिरी अळी वळवळत होती, आणि लगेच नोंदवहीत लिहून झालं: "कॅडिसफ्लाय, हायड्रोसायकिडी." (कॅडिसफ्लाय म्हणजे पतंगासारखा दिसणारा कीटक, ज्याची अळी पाण्यात वाढते; हायड्रोसायकिडी हे त्यातलं जाळं विणणाऱ्या अळ्यांचं एक कुळ.) नदी-अभ्यासाच्या शिबिरांतल्या अशा नोंदी मी तपासते. हे नाव कितीदा तरी भलत्याच अळीला लागलेलं असतं, आणि खरी हायड्रोसायकिडी मात्र "भुंगेऱ्याची अळी असेल" म्हणून शेजारच्या डबीत पडलेली असते. बहुतेक चुका क्रम चुकल्यामुळे होतात. लोक आधी रंग बघतात, मग घर बघतात, आणि ज्या तीन खुणांवर ओळख ठरते त्या सगळ्यात शेवटी, तेही अळी वाळायला लागल्यावर.

त्या तीन खुणा अशा: छातीच्या तिन्ही खंडांवर पाठीकडून कडक ढाली, पोटाखाली फांद्या फुटलेले कल्ले, आणि शेपटीकडच्या दोन्ही आखूड पायांवर लांब केसांचा झुबका. तिन्ही एकाच अळीत दिसल्या तरच हे नाव लिहायचं. दोनच दिसल्या तर थांबायचं.

१. निघण्यापूर्वी

सह्याद्रीतल्या ओढ्यांसाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि जोराचं असतं, तेव्हा ओढ्यात उतरूच नका. मार्चनंतर बरेच ओढे तुटक डोहांपुरते उरतात. या अळीचं जाळं वाहत्या पाण्यावर चालतं, त्यामुळे डोहाच्या गाळात तिला शोधण्यात अर्थ नाही. गुडघ्याच्या खाली खोली, खळखळणारं पाणी आणि मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्या आकाराचे दगड, अशी जागा निवडा. बंधाऱ्याच्या सांडव्याखालचे दगड आणि पाण्यात लोंबणारी झाडांची मुळंही बघा.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक अळीसुद्धा उचलायची नाही. ओढा देवराईतून जात असेल तर गावात विचारून मगच उतरा.

सामान फार लागत नाही, पण पुढच्या गोष्टींपैकी एकही मागे राहिली तर दिवस वाया जातो:

- पांढरा उथळ ट्रे आणि त्याच्यासोबत फ्रिजमधला बर्फाचा ट्रे (प्रत्येक अळीला वेगळा कप्पा)
- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- मऊ टोकाचा चिमटा, रंगकामाचा बारीक ब्रश, ड्रॉपर
- बारीक जाळी, शक्यतो अर्ध्या मिलिमीटरची. नसेल तर मच्छरदाणीचं कापड चालेल, पण लहान अळ्या त्यातून निसटतील
- घट्ट झाकणाच्या लहान बाटल्या आणि ८० टक्के इथेनॉल
- पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या

पायात पट्ट्याचे सॅंडल किंवा जुने बूट हवेत. शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर अनवाणी चालणं म्हणजे मनगट मोडून घेणं.

*सावध:* धरणाखालच्या नदीत उतरायचं असेल तर पाणी कधी सोडणार आहेत ते आधी विचारून घ्या. आभाळ वरच्या डोंगरावर भरलेलं दिसलं तरी बाहेर या.

२. दगड उचलण्याआधी पाण्यातच बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. दगड पाण्याबाहेर आला की जाळं कोसळतं आणि शेवाळाच्या चिकट थरासारखं दिसतं. मग "जाळं नव्हतं" अशी नोंद होते.

वाकून, स्वतःची सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने, दोन मिनिटं स्थिर बघा. दोन दगडांच्या फटीत किंवा दगडाच्या खोबणीत अंगठ्याच्या नखाएवढी, कधी त्याहून लहान, एक चौकट ताणलेली दिसेल. तिचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं. चौकटीत रेशमाच्या धाग्यांची चौकोनी वीण असते, आणि पाण्यातून आलेली पानांची भुकटी, शैवाल, बारीक जीव तिच्यावर अडकतात. जाळ्याला लागूनच वाळूचे कण आणि काडीकचरा रेशमाने जोडून केलेला आडोसा असतो. अळी त्यात बसते, डोकं बाहेर काढून जाळ्यावरचा माल खाते आणि धक्का लागला की मागे सरकते. हा आडोसा दगडाला पक्का चिकटलेला असतो. अळी तो पाठीवर घेऊन फिरत नाही. नळीसारखं घर ओढत चालणारी अळी दिसली तर ती दुसऱ्या कुळाची.

*सावध:* जाळं दिसलं म्हणजे हायड्रोसायकिडी, असं नाही. फिलोपोटॅमिडी कुळाची अळी दगडाखाली मोज्यासारखं लांबट, अतिशय बारीक विणीचं जाळं करते. पॉलिसेंट्रोपोडिडीचीही जाळी असतात. जाळं नोंदीत जरूर लिहा, पण ओळख त्यावर ठरवू नका.

३. अळी उतरवून घेणं

जाळी दगडाच्या खालच्या बाजूला, प्रवाहाला आडवी धरा. मग दगड हळूच उचलून जाळीच्या तोंडाशीच वर आणा. घाबरलेली अळी आडोसा सोडून वाहून जाते, ती जाळीत सापडते. आधी दगड उचलून मग जाळी शोधणाऱ्याच्या हाती रिकामा आडोसा येतो.

दगड ट्रेमध्ये ठेवून आडोसे ब्रशने सैल करा. चिमट्याने अळीला मधोमध दाबू नका, कारण कल्ले तिथेच असतात आणि ते तुटतात. ब्रशच्या टोकावर उचला किंवा ड्रॉपरने ओढून घ्या. एका कप्प्यात एकच अळी ठेवा. दोन ठेवल्या तर एकमेकींना चावतात. ट्रे सावलीत हवा आणि पाणी बदलत राहायला हवं, कारण थांबलेल्या, तापलेल्या पाण्यात या अळ्या लवकर मरतात.

काम झालं की दगड होता तिथेच, होता त्याच बाजूने परत ठेवा. दगडाखालची बाजू उन्हात उघडी पडली तर तिथे राहणारं सगळंच मरतं. दगडाखाली हात घालण्याआधी खेकडा आहे का तेही बघा.

४. पाठ: तीन ढाली

अळी पाण्यातच पालथी ठेवा. डोक्यामागे छातीचे तीन खंड असतात आणि प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी. डोक्याकडून शेपटीकडे मोजत जा. पहिल्या खंडावर कडक तपकिरी ढाल, दुसऱ्यावर ढाल, तिसऱ्यावरही ढाल. त्यानंतरचं उदर मऊ. सुईच्या बोथट टोकाने हलकेच स्पर्श केला तर फरक बोटालाही कळतो: ढालीवर टोक घसरतं, उदरावर खळगा पडतो.

रंगाकडे आत्ता लक्ष देऊ नका. अळी तपकिरी, करडी, हिरवट, कशीही असू शकते, आणि अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडून जातो. रंगावरून कुळ ठरवलेली नोंद मी बाजूलाच ठेवते.

*तपासणी:* ढाल फक्त पहिल्या खंडावर असेल आणि पुढचे दोन मऊ असतील, तर ही हायड्रोसायकिडी नाही. इथेच थांबा आणि सातव्या टप्प्यावर जा. ढाली फिक्या, जवळजवळ पांढऱ्या दिसत असतील, तर अळीने नुकतीच कात टाकली असेल. अशा वेळी ढालीच्या कडा भिंगातून शोधा. कड दिसते, फक्त रंग आलेला नसतो.

५. पोट: कल्ले, आणि तेही पाण्यात बुडवूनच

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

एका शिबिरात एका गटाने सलग अकरा अळ्यांपुढे "कल्ले नाहीत" असं लिहिलं होतं. अळ्या त्यांनी टिपकागदावर ठेवून बघितल्या होत्या. मी त्यातली एक उचलून काचेच्या वाटीत, दोन बोटं पाण्यात सोडली आणि उताणी केली. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग पोटाखालून एकेक झुबका उलगडत गेला. मधे एक दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या फांद्या, ओल्या पिसासारख्या. छातीच्या मागच्या दोन खंडांखाली आणि उदराच्या बहुतेक खंडांखाली ओळीने झुबके होते, आणि अळीने अंग हलवलं की सगळे एकदम डोलायचे. मुलांनी सगळ्या अळ्या पुन्हा पाण्यात घेतल्या. अकराच्या अकरा हायड्रोसायकिडी निघाल्या.

कारण साधं आहे. हे कल्ले अतिशय पातळ असतात. पाण्याबाहेर ते पोटाला चिकटतात आणि ओल्या सुतासारखे दिसेनासे होतात. म्हणून:

१) काचेची वाटी घ्या, खाली काळा कागद ठेवा. पांढऱ्या तळावर पांढरे कल्ले हरवतात. ट्रे पांढरा आणि वाटीखालचा कागद काळा, ही अदलाबदल लक्षात ठेवा.

२) अळी पूर्ण बुडेल इतकं पाणी घाला. अल्कोहोलमधली अळी असेल तर अल्कोहोलमध्येच बुडवून बघा.

३) उताणी करा. अळी सी अक्षरासारखी वळते. डोकं आणि शेपटी ब्रशने हलकी दाबून सरळ धरा.

४) उजेड बाजूने पाडा. मोबाईलची बॅटरी वाटीच्या कडेला, जमिनीला समांतर धरली की कल्ले चमकतात.

*सावध:* शेपटीच्या टोकाशी, गुदद्वाराजवळ, कधीकधी बोटांसारखे पांढरे फुगवटे बाहेर आलेले दिसतात. ते कल्ल्यांचे झुबके नव्हेत; अळी ते आत-बाहेर करते. कल्ले पोटाखाली शोधायचे आणि त्यांना फांद्या फुटलेल्या हव्यात. एकेरी दोरे किंवा कडेने निघालेले तंतू धरायचे नाहीत.

*तपासणी:* अळी दोन-तीन मिलिमीटरचीच असेल तर कल्ले विरळ असतात. वाढ होत जाते तसे ते दाट होतात. इतक्या लहान अळीवर कुळाचं नाव लिहायची घाई नको. त्याच दगडावरची मोठी अळी शोधा. पूर्ण वाढलेल्या अळ्या साधारण १० ते २० मिलिमीटर असतात.

६. शेपटी: केसांचा झुबका

उदराच्या टोकाला दोन आखूड पाय असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच आकडा. या आकड्याने अळी आपल्या आडोशात घट्ट रुतून बसते. आकड्याच्या बुडाशी लांब, काळसर केसांचा झुबका असतो, केरसुणीच्या फडासारखा पसरलेला. तोही पाण्यातच बघा, कारण बाहेर काढल्यावर केस एकत्र चिकटून एकच काटा वाटतो.

तिन्ही खुणा जुळल्या? आता कुळाचं नाव लिहा, पण पेन्सिलीने. पुढच्या टप्प्यावर तुलना झाल्यावर पक्कं करा.

७. जवळची दिसणारी कुळं

*एक्नोमिडी.* इथे जाणकारही फसतात, कारण तिन्ही ढाली असतात. पण पोटाखाली फांद्यांचे कल्ले नसतात आणि शेपटीचा तो भरघोस झुबकाही नसतो. पाचवा टप्पा गाळणारा इथे हमखास चुकतो.

*हायड्रोप्टिलिडी.* यांच्याही तिन्ही खंडांवर ढाली. मात्र अळी फार लहान, क्वचितच ५-६ मिलिमीटरच्या पुढे जाते. कल्ले नाहीत, आणि शेवटच्या अवस्थेत उदर फुगीर होऊन अळी बटव्यासारख्या चपट्या घरात राहते.

*फिलोपोटॅमिडी.* ढाल फक्त पहिल्या खंडावर. डोकं बहुधा पिवळं-नारिंगी. जबड्याच्या पुढे ब्रशसारखा पसरट, पांढरा, मऊ वरचा ओठ येतो. तो इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा असतो आणि एकदा बघितला की विसरत नाही. अल्कोहोलमध्ये तो आत ओढला जाऊ शकतो, म्हणून जिवंत असतानाच बघा.

*पॉलिसेंट्रोपोडिडी आणि सायकोमायिडी.* दोघांतही ढाल एकच, कल्ल्यांचे झुबके नाहीत. तुमच्या कामापुरतं एवढं पुरे.

*स्टेनोसायकिडी.* मोठी अळी, लांबट निमुळतं डोकं, ढाल एकच. आकार बघूनच लोक तिला "मोठी हायड्रोसायकिडी" लिहितात. पाठ मोजली तर ही चूक होणार नाही.

*कोरिडॅलिडी.* ही कॅडिसफ्लाय नव्हेच. उदराच्या दोन्ही कडांनी लांब तंतू निघतात, आणि काही जातींत त्या तंतूंच्या बुडाशी कल्ल्यांचे झुबकेही असतात. तेच बघून गोंधळ होतो. शेपटीचे आकडे मोजा: कोरिडॅलिडीच्या प्रत्येक शेपटी-पायावर दोन आकडे, कॅडिसफ्लायच्या एक. बोटं जपा, तिचा जबडा कचकन चावतो.

८. टिकवणं आणि चिठ्ठी

ओढ्यावरून परतताना अळ्या पाण्यात आणू नका. त्या वाटेतच मरतात आणि कुजतात. फोटो आणि जिवंत निरीक्षण झालं की ८० टक्के इथेनॉलमध्ये टाका. डीएनए तपासणीचा विचार असेल तर ९५ टक्के. बाटलीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अळ्यांनी भरू नका. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला, कारण अळ्यांच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. हॅंड सॅनिटायझरचं जेल चालत नाही. कल्ले त्यात गुंतून जातात.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी तर पहिल्या थेंबालाच सुटते. चिठ्ठीवर ओढ्याचं नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, दगड की मूळ की सांडवा, आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. जागा-तारखेशिवायची बाटली कितीही सुंदर नमुना असला तरी निरुपयोगी.

९. कुळाच्या पुढे जायचं असेल तर

भिंगावर इथून पुढे जाऊ नका. स्टिरिओ मायक्रोस्कोप लागेल. डोक्याचा माथा सपाट आणि त्याभोवती धारदार कंगोरा असेल तर मॅक्रोस्टेमम किंवा तिच्या गटातली प्रजाती (कुळाच्या खालची आणि जातीच्या वरची पायरी, इंग्रजीत जीनस) असण्याची शक्यता आहे. या गटाची जाळी इतक्या बारीक विणीची असते की नुसत्या डोळ्यांना पडद्यासारखी वाटते. माथा गोलसर असेल, तर पहिल्या पायाच्या बुडाशी, छातीच्या कडेला असलेला छोटा कडक तुकडा बघा. तो दुभंगलेला असेल तर हायड्रोसायकी किंवा क्युमॅटोसायकी. या दोघींतला फरक पहिल्या छाती-खंडाच्या खालच्या बाजूला सापडतो: तिथल्या ढालीमागे दोन लहान तबकड्या असतात. हायड्रोसायकीत त्या ठळक, क्युमॅटोसायकीत जेमतेम ठिपक्याएवढ्या.

जातीचं नाव अळीवरून लिहू नका. आपल्याकडच्या बऱ्याच जातींची वर्णनं प्रौढ नरांवरून झालेली आहेत, आणि कुठली अळी कुठल्या प्रौढाची हे जुळवलेलं नसतं. युरोप किंवा अमेरिकेच्या ओळखतक्त्यावर सह्याद्रीतली अळी बसवून तिथल्या जातीचं नाव देणं ही सरळ चुकीची नोंद आहे. जुळवणी करायचीच असेल तर दगडावरचे बंद, घुमटासारखे खड्यांचे कोष शोधा. कोषात तयार होत आलेला नर असतो, आणि त्याच्या मागे अळीपणी टाकलेल्या ढाली कोंबलेल्या असतात. एकाच कोषात अळी आणि नर, दोघांची ओळख हाती येते.

१०. प्रौढ कीटक

संध्याकाळी ओढ्याकाठी पांढरी चादर बांधून दिवा लावला की प्रौढ येतात. पहिली चूक म्हणजे त्यांना पतंग समजणं. पतंगांच्या पंखांवर खवले असतात आणि बोटाला भुकटी लागते. कॅडिसफ्लायच्या पंखांवर केस असतात, आणि बसताना पंख घराच्या छपरासारखे उतरते राहतात. गुंडाळलेली सोंडही नसते.

त्यातून हायड्रोसायकिडी वेगळं काढायला तीन गोष्टी क्रमाने बघा. डोक्यावर साधे, ठिपक्यासारखे डोळे नसतात. जबड्याच्या लांब मिशीचा शेवटचा, पाचवा खंड बाकीच्यांपेक्षा खूप लांब, लवचिक आणि कड्याकड्यांचा असतो. छातीच्या मधल्या खंडावर, पाठीकडून, केसाळ उंचवटे नसतात. साधे डोळे दिसले आणि मिशीचा शेवट कड्याकड्यांचा असला तर फिलोपोटॅमिडी किंवा स्टेनोसायकिडीकडे वळा. केसाळ उंचवटे दिसले तर पॉलिसेंट्रोपोडिडी किंवा सायकोमायिडी तपासा.

प्रौढांना टाचणीवर लावू नका. केस गळतात आणि मिश्या मोडतात. तेही अल्कोहोलमध्येच.

११. नोंद लिहिताना

"हायड्रोसायकिडी सापडली, म्हणजे पाणी स्वच्छ" असं वाक्य मला अनेक अहवालांत दिसतं, आणि त्याचा त्रास होतो, कारण त्यावर गावं विश्वास ठेवतात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत (प्रदूषण जितकं कमी सोसतं तितके कुळाला जास्त गुण) या कुळाला १० पैकी ५ गुण आहेत. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या, लाल अळ्यांच्या कायरोनोमिडी कुळाला २, लेप्टोसेरिडी या दुसऱ्या कॅडिसफ्लाय कुळाला १०. म्हणजे हे कुळ मधल्या पायरीवर बसतं. शिवाय या अळ्या वाहतं अन्न गाळून खातात. वरून सांडपाणी थोड्या प्रमाणात मिसळत असेल आणि प्राणवायू पुरेसा असेल, तर त्यांची संख्या उलट वाढते. म्हणून नुसती संख्या लिहू नका. सोबत त्याच दगडांवर सापडलेली बाकीची कुळंही लिहा, आणि निष्कर्ष सगळ्यांच्या बेरजेवर काढा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकषांची पद्धतही सापडलेल्या सगळ्या कुळांचे गुण आणि त्यांतली विविधता एकत्र बघते.

ओळखीची खात्री नसेल आणि कुणाला विचारायचं असेल तर चार फोटो काढा: बाजूने संपूर्ण अळी, वरून तिन्ही ढाली, पोटाखालचे कल्ले, आणि शेपटीचा झुबका. वाटीखाली आलेख कागदाचा तुकडा ठेवा म्हणजे मिलिमीटर मोजता येतील. कल्ल्यांच्या फोटोपुरता त्याच्या जागी काळा कागद. तो फोटो पाण्याखालचाच हवा. टिपकागदावर वाळलेल्या अळीचा फोटो आला तर मी कुळाचं नाव देत नाही.